मोजणाऱ्याची साक्ष

गेल्या दोन-तीन वर्षांत एक भारदस्त शब्द आपल्या घराघरांतून अगदी सहजपणे वापरला जाऊ लागला आहे. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात घोळक्याने उभे असलेले आईबाप पूर्वी एकमेकांना विचारीत, "टक्के किती पडले?" किंवा "मुलाला कुठे चिकटवलंत?" आता त्यांच्या जोडीला "तिचा रिसर्च कशावर आहे?" हाही प्रश्न ऐकू येतो. ज्या मुलीविषयी तो विचारलेला असतो ती अजून पदवीच्या वर्गात असते. संशोधन म्हणजे पिकल्या केसांच्या माणसांनी मोठ्या प्रयोगशाळेत बसून करावयाची गोष्ट, या समजुतीत वाढलेल्या आपल्या पिढीला त्याचे कौतुक वाटते आणि थोडी भीतीही वाटते.

हा बदल आपोआप घडलेला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा अभ्यास चार वर्षांपर्यंत नेण्याची वाट मोकळी केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा जाहीर केला, त्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा घेण्याची मुभा दिली. एखाद्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली त्याने प्रकल्प किंवा प्रबंध पुरा करावयाचा. ही कल्पना मुळात नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्येच पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेणारी योजना सुरू केली होती. आपल्याकडे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असा उपक्रम चालवला आहे. नवे आहे ते इतकेच की, जी संधी मूठभर मुलांना मिळत असे ती आता पुष्कळांच्या दारात आली आहे.

दारात आलेल्या पाहुण्याला घरात घेण्यापूर्वी तो कोण, कुठला, हे विचारण्याचा आपला रिवाज आहे. तेव्हा वीस वर्षांच्या मुलाने संशोधन करावे म्हणजे नेमके काय करावे, हे विचारले पाहिजे. त्याने नवा शोध लावावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीचे शिक्षण घेत असतानाच, १९२८ मध्ये, आपला पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला हे खरे. पण असा विद्यार्थी शतकातून एखादा जन्मतो, त्याच्यावरून सर्वांसाठी नियम बांधता येत नाही. शोध लागणार नसेल, मिळणारा निष्कर्ष फार कोणी वाचणार नसेल, तर एवढा खटाटोप कशासाठी? प्रमाणपत्रासाठी, परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून, असे उत्तर व्यवहारी माणूस देईल. ते उत्तर खोटे नाही. परंतु मला वाटते, या खटाटोपाच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो प्रमाणपत्राहून वडील आहे.

तो प्रश्न कळण्यासाठी शाळा-कॉलेजातील प्रात्यक्षिकाची वही डोळ्यांपुढे आणावी. आपण तिला जर्नल म्हणतो. दोलकाच्या आंदोलनांवरून गुरुत्वत्वरण काढावयाचे असते. उत्तर ९.८ च्या आसपास आले पाहिजे, हे मुलाला दोरी बांधण्यापूर्वीच ठाऊक असते. प्रत्यक्षात त्याचे उत्तर कधी १०.६ येते, कधी ९.१. मग तो काय करतो, हे विज्ञान शाखेतून गेलेल्या कोणालाही सांगावयास नको. तो उत्तराकडून उलट्या पावलांनी चालत येतो आणि आंदोलनकाळाचे आकडे असे लिहितो की उत्तर बरोबर ९.८ यावे. याला मुलांच्या भाषेत 'रीडिंग कुक करणे' असे म्हणतात. शिक्षकांना हे माहीत असते, त्यांनीही विद्यार्थिदशेत तेच केलेले असते. वहीवर सही होते, गुण मिळतात, कोणाचे काही बिघडत नाही.

खरोखरच काही बिघडत नाही का? गुरुत्वाकर्षणाचे तर नक्कीच बिघडत नाही. ते मुलाच्या वहीची वाट पाहत थांबलेले नाही. म्हणूनच बहुधा आपण या गोष्टीला खोटे बोलणे म्हणत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा शिकवली जाते, तिच्यात खोट्या साक्षीला मनाई आहे. साक्ष म्हटली की मुलांच्या डोळ्यांपुढे कोर्ट येते, पिंजरा येतो, काळा कोट येतो. जर्नलमधील आकडा हीदेखील साक्षच आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. 'मी एवढ्या वेळा मोजले आणि मला एवढे दिसले' हे विधान, आणि 'मी त्या रात्री त्या घरासमोर उभा होतो आणि मला अमुक माणूस दिसला' हे विधान, या दोहोंचा घाट एकच आहे. दोन्ही ठिकाणी ऐकणारा तेथे हजर नव्हता. दोन्ही ठिकाणी त्याला बोलणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

प्रात्यक्षिकात ऐकणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असते, म्हणून तेथील साक्ष लटकी असली तरी खपते. संशोधनात उत्तर कोणालाच ठाऊक नसते. येथे पहिल्यांदाच त्या मुलाच्या शब्दावर काहीतरी खरोखर अवलंबून राहते. पदवीच्या विद्यार्थ्याला संशोधनात घेण्याचे मर्म, माझ्या अल्पमतीप्रमाणे, एवढेच आहे. आजवर तो 'पुस्तकात असे लिहिले आहे' म्हणत आला, आता त्याला 'मी असे पाहिले' म्हणावयाचे आहे.

या संदर्भात मँचेस्टरच्या एका विद्यार्थ्याची हकिकत मला फार मोलाची वाटते. १९०९ साल. अर्नेस्ट रदरफोर्ड तेथे प्राध्यापक होते. आदल्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालेले होते. त्यांचे सहकारी हान्स गायगर यांनी त्यांना सुचवले की अर्नेस्ट मार्सडेन या विद्यार्थ्यालाही एखादे लहानसे संशोधन द्यावे. मार्सडेन वीस वर्षांचा होता, लँकाशायरमधील एका विणकराचा मुलगा, पदवीही अजून हाती यावयाची होती. रदरफोर्ड यांनी त्याला काम दिले ते असे: धातूच्या पत्र्यावर आल्फा कणांचा मारा केला असता त्यांतील काही कण मोठ्या कोनातून वळून येतात का, ते पाहावे. येतील असे खुद्द रदरफोर्ड यांनाही वाटत नव्हते, हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे मुलाला काम शिकता यावे म्हणून दिलेला तो धडा होता. आणि अपेक्षित उत्तर होते, 'काही दिसत नाही.'

कामाचे स्वरूपही कोणाला हेवा वाटावा असे नव्हते. झिंक सल्फाइडचा लेप दिलेल्या पडद्यावर कण आदळला की एक अगदी बारीक ठिणगी चमकते. ती सूक्ष्मदर्शकातून पाहून मोजावयाची. त्यासाठी काळोख्या खोलीत आधी अर्धा तास नुसते बसून राहावे लागे. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय ती ठिणगी दिसतच नसे. थोडा वेळ मोजले की डोळे शिणत, विश्रांती घ्यावी लागे, की पुन्हा मोजणी. स्वतः रदरफोर्ड यांच्यापाशी या कामाला लागणारी चिकाटी नव्हती. अशा खोलीत एकट्या बसलेल्या मुलाने डोळ्यांवर आलेल्या शिणामुळे दोनचार ठिणग्या सोडून दिल्या असत्या, किंवा दिसल्या त्या भास म्हणून खोडून टाकल्या असत्या, तर ते कधी कोणाला कळले असते?

मार्सडेनला ठिणग्या दिसल्या. फार नव्हेत. सुमारे आठ हजार कणांमागे एक कण उलट फिरून येत होता. त्याने आपल्याला दिसले ते लिहिले, आणि आठवडाभराने रदरफोर्ड आपल्या खोलीकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर भेटले तेव्हा त्यांना सांगितले. पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकांतही आहे. अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान मधोमध एका इवल्याशा केंद्रात साठलेले असते, हा सिद्धांत रदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडला, तो या उलट फिरलेल्या कणांच्या आधारावर. १९०९ च्या त्या निबंधावर नावे आहेत ती गायगर आणि मार्सडेन यांची. रदरफोर्ड यांनी तो रॉयल सोसायटीकडे धाडला, पण त्यावर स्वतःचे नाव घातले नाही.

या हकिकतीत आपण बहुधा रदरफोर्ड यांच्या बुद्धीचे कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण आठ हजारांतील एक ही गोष्ट क्षणभर मनात घोळवून पाहावी. मार्सडेनची नजर 'काही दिसणार नाही' या अपेक्षेने बांधली गेली असती, तर आठ हजारांत एक म्हणजे शून्यच, असे म्हणण्याला कोणतीही सबब पुरली असती. मोठ्या माणसाचा अंदाज चुकला हे त्याला सांगण्याचा संकोचही आड आला असता.

हा संकोच आपल्याकडे अधिकच मोठा आहे. सर सांगतात ते खरे, फादर म्हणतात ते खरे, घरात डॅडी म्हणतात ते खरे, असे संस्कार घेऊन आपली मुले कॉलेजात जातात. त्या संस्कारांत वाईट काही नाही. आदराशिवाय विद्या येत नाही, असे मीही मानतो. पण आदर आणि होकार या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे आपण मुलांना शिकवलेले नाही. "सर, तुम्ही म्हणालात तसं आलं नाही," हे वाक्य नम्रपणे, खाली मान न घालता, उद्धटपणाचा लवलेशही न आणता उच्चारणे ही एक साधना आहे. ती ज्याला जमली त्याने सरांचा मान राखला असे मी म्हणेन, कारण सरांना सत्य ऐकण्याची ताकद आहे असे त्याने गृहीत धरले.

आता याच्या उलट बाजूची एक गोष्ट. तीही आपल्यापैकी पुष्कळांना जवळची वाटणाऱ्या माणसाविषयी आहे. ब्रनो येथील मठातील ऑगस्टिनियन संन्यासी ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून सात-आठ वर्षे वाटाण्याची सुमारे अठ्ठावीस हजार रोपे तपासली आणि आनुवंशिकतेचे नियम शोधून काढले. १८६५ मध्ये त्यांनी आपला निबंध वाचला, पुढच्या वर्षी तो छापला गेला, आणि १९०० पर्यंत त्याची कोणी म्हणावी तशी दखल घेतली नाही. हे सर्वश्रुत आहे. त्यानंतर १९३६ मध्ये रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने मेंडेल यांचे आकडे पुन्हा तपासले आणि त्याला ते जरा जास्तच सुबक वाटले.

त्यातले एक उदाहरण समजण्यासारखे आहे. प्रभावी गुण दाखवणारे वाटाण्याचे रोप शुद्ध आहे की संकरित, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही. त्याचे दाणे पेरून पुढची पिढी पाहावी लागते. मेंडेल यांनी अशा प्रत्येक रोपाचे दहा दाणे पेरले. दहांत एक जरी रोप अप्रभावी गुणाचे निघाले तर जनक संकरित, नाहीतर शुद्ध. सिद्धांताप्रमाणे संकरित आणि शुद्ध यांचे प्रमाण दोनास एक. परंतु जनक संकरित असूनही त्याच्या दहाच्या दहा दाण्यांतून प्रभावी गुणाचीच रोपे निघावीत, असे शंभरात पाच-सहा वेळा निव्वळ योगायोगाने घडते, आणि मग ते संकरित रोप चुकून शुद्धांत मोजले जाते. तेव्हा सहाशे रोपांत ४०० आणि २०० असे उत्तर येताच कामा नये; मोजणाऱ्याला सुमारे ३७७ आणि २२३ दिसावयास हवेत. मेंडेल यांच्या निबंधात आकडे आहेत ३९९ आणि २०१.

योगायोगाने असे एखादे वेळी घडू शकते. पण अशी सुबकता एकाहून अधिक ठिकाणी आढळली तेव्हा फिशर यांनी एक तर्क केला. काय अपेक्षित आहे हे ज्याला फार चांगले ठाऊक होते, अशा एखाद्या मदतनिसाने मेंडेल यांची फसवणूक केली असावी, असा तो तर्क. पुढील काळात इतर अभ्यासकांनी या कोड्याची निरनिराळी उत्तरे दिली आहेत आणि मेंडेल यांच्या प्रामाणिकपणावर बहुतेकांनी ठपका ठेवलेला नाही. त्यांचे नियम तर बरोबरच ठरले आहेत. मला या प्रकरणात अस्वस्थ करते ते निराळेच. तो मदतनीस कोण, त्याने खरोखर काही केले की नाही, याचा पुरावा कोणापाशीही नाही. मठाच्या बागेत वाकून शेंगा सोलणाऱ्या त्या माणसाचे नाव श्रेयाच्या यादीत कोठे नव्हते. सत्तर वर्षांनी ठपका ठेवण्याची वेळ आली तेव्हा मात्र त्याची आठवण झाली. आणि तो आपली बाजू मांडावयास हयात नव्हता!

त्याने खरेच आकडे जुळवले असतील असे क्षणभर धरून चालू. त्याला लबाड म्हणावे का? लबाडीत स्वार्थ असतो. त्याचा काय स्वार्थ? बहुधा आपल्या गुरूला आनंद व्हावा, एवढाच. दहा दाण्यांत नववे रोप जरा संशयास्पद दिसले आणि त्याने ते गुरूच्या बाजूने मोजले. प्रेमापोटी दिलेली खोटी साक्ष ही द्वेषापोटी दिलेल्या साक्षीहून ओळखावयास कितीतरी कठीण असते, कारण ती देणाऱ्याला आपण पाप करीत आहोत असे वाटतच नाही.

हे मी दूरच्या बागेतील वाटाण्यांसाठी सांगत नाही. आपल्या अंगणात येऊ. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील विहिरी खाऱ्या होत चालल्या आहेत ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यासाठी आपल्या लोकांनी पुष्कळ सोसले आहे. समजा, रसायनशास्त्र घेतलेली आपल्याच एखाद्या धर्मग्रामातील मुलगी चौथ्या वर्षी ठरवते की मी आमच्या आळीतील वीस विहिरींचे पाणी वर्षभर दरमहा तपासीन. बाटलीत पाणी आणावयाचे, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घालावयाचे, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडावयाचे. पिवळ्या पाण्याला विटकरी छटा आली की थांबावयाचे आणि आकडा लिहावयाचा. त्यावरून क्लोराइड निघते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे असे भारतीय मानक सांगते. वर्षअखेर तिच्या असे लक्षात येते की वीसपैकी अकरा विहिरी मर्यादेच्या वर आहेत, सहा खाली आहेत, आणि तीन विहिरी पावसाळ्यानंतर चक्क गोड्या होतात आणि उन्हाळ्यातही फारशा बिघडत नाहीत.

आता तिच्यावर काय काय दबाव येईल याची कल्पना करावी. आळीतील वडीलधारी माणसे तिला म्हणतील, "बाय, सगळ्याच खाऱ्या आहेत असं लिही ना. कलेक्टरकडे कागद द्यायचाय." त्यांचा हेतू वाईट नाही, पाण्याचा प्रश्न खरा आहे, अन्यायही खरा असू शकतो. उलट बाजूने, विहिरी उपसून टँकर भरणारा कोणी तिला त्या तीन गोड्या विहिरीच दाखवावयास सांगेल. तिचे स्वतःचे मनही तटस्थ नसणार; तिच्या आजीने त्या पाण्यासाठी मैलभर हंडे वाहिलेले असतील. विटकरी छटा नेमकी कोणत्या थेंबाला आली, हे ठरवणे तिच्याच डोळ्यांवर आहे. एक थेंब अलीकडे, एक थेंब पलीकडे.

एखादे कार्य न्याय्य असेल तर त्याच्यासाठी एका थेंबाची सूट का घेऊ नये? हा युक्तिवाद मी भल्याभल्यांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उपाशी माणसापुढे आकडेवारीची शुद्धता घेऊन उभे राहण्यात एक प्रकारची निर्दयता असू शकते. तरीही मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण केवळ 'पकडले गेलो तर' हे नव्हे. त्या तीन गोड्या विहिरी गोड्या का राहिल्या, हाच कदाचित त्या आळीच्या सुटकेचा मार्ग असेल. शेजारी तळे असेल, कोणी उपसा कमी ठेवला असेल, खडकाचा थर निराळा असेल. आपल्या बाजूच्या भल्यासाठी ती तीन नावे पुसली की तो मार्गही पुसला जातो. ज्यांच्या प्रेमाखातर आपण खोटे लिहिले, त्यांचेच पाणी आपण तोडलेले असते.

मार्गदर्शकाच्या कर्तव्यांविषयी थोडक्यातच लिहितो, कारण ती सांगावयास सोपी आणि पाळावयास अवघड आहेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांच्या खोलीत दुधाच्या बाटल्यांतून फळमाश्या पाळलेल्या असत. कॅल्विन ब्रिजेस हा पदवीचा विद्यार्थी तेथे बाटल्या धुण्याच्या कामाला लागला. बाटलीच्या जाड काचेतून त्याला एका माशीच्या डोळ्यांचा रंग निराळा दिसला. त्याचा सहाध्यायी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याला रंग नीट ओळखू येत नसत. त्याने १९११ मध्ये एका रात्री कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून, गुणसूत्रावर जनुके कोणत्या क्रमाने बसली असतील याचा जगातील पहिला नकाशा तयार केला. तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला, स्टर्टेव्हंटच्या एकट्याच्या नावाने. १९३३ चे नोबेल पारितोषिक मॉर्गन यांना एकट्यांना मिळाले. त्यांनी ती रक्कम आपल्या मुलांबरोबर ब्रिजेस आणि स्टर्टेव्हंट यांच्या मुलांनाही वाटून दिली. आपल्याकडे काही ठिकाणी याच्या नेमके उलट चालते. विद्यार्थ्याने वर्षभर राबून लिहिलेल्या निबंधावर, ज्यांनी तो वाचलाही नाही अशांची नावे आधी लागतात, आणि पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिके ते छापतात. मुलगा यातून जे शिकतो ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते.

आपल्या समाजाला या बाबतीत दूरची उदाहरणे शोधण्याची तशी गरजही नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय धर्मगुरूंनी अध्यापन आणि संशोधन ही कधी वेगळी मानली नाहीत. फादर हेन्री हेरास हे स्पॅनिश धर्मगुरू १९२२ मध्ये मुंबईत आले. कोणता इतिहास शिकवणार असे विचारल्यावर, मला सर्वांत कमी ठाऊक आहे तो, म्हणजे भारताचा, असे त्यांनी उत्तर दिल्याचे सांगतात. चारच वर्षांत, १९२६ मध्ये, त्यांनी तेथे भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था उभी केली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. याच कॉलेजात स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आहे. फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या डोंगरांत हिंडून तेथील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला; पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी खात्याचे प्रमुख झाले. वनस्पतिसंग्रहातील एखादा कागद ज्यांनी पाहिला असेल त्यांना ठाऊक असेल की, वाळवलेल्या फांदीशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर जागा, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. वनस्पतीचे शास्त्रीय नाव पुढे बदलते, विद्वान तिला या कुळातून उचलून त्या कुळात टाकतात, नवी चिठ्ठी जुनीच्या शेजारी लागते. पण अमुक दिवशी, अमुक डोंगरावर, अमुक माणसाने ही फांदी तोडली, ही मूळ चिठ्ठी कोणी काढून टाकीत नाही.

आज या सर्वांत एक नवीच भर पडली आहे. प्रकल्प आयता बांधून देणारी दुकाने पूर्वीही होती. आता संगणकाला चार ओळींत सांगितले की तो प्रस्तावना, निष्कर्ष, तक्ते, सारे काही सफाईदार भाषेत लिहून देतो. त्या यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. भाषा सुधारावयास, दहा निबंधांचा सारांश काढावयास ते उपयोगी पडते. पण त्या मुलीच्या वीस विहिरींवर ते गेलेले नसते. काळोख्या खोलीत ते अर्धा तास बसलेले नसते. विचारले तर ते आकडेही बनवून देते, आणि ते आकडे फिशरलाही शंका येणार नाही इतपत ओबडधोबड करून देण्याचीही त्याची तयारी असते. 'मी पाहिले' हे दोन शब्द तेवढे त्याला दुसऱ्याच्या वतीने म्हणता येत नाहीत; ते म्हणतेही, पण तेव्हा ती साक्ष राहत नाही.

म्हणूनच मला त्या ७५ टक्क्यांच्या अटीविषयी थोडी हरकत आहे. जागा मोजक्या असतात, मार्गदर्शक त्याहून मोजके, हे मान्य. परंतु परीक्षेतील टक्के हे बहुतांशी आधीच ठाऊक असलेली उत्तरे नीट देण्याचे माप असते. अंधारात बसून आठ हजारांतील एक ठिणगी न गाळणारा मुलगा पासष्ट टक्क्यांचाही असू शकतो. चौथ्या वर्षाची अट आपल्या हाती नाही. पहिल्या वर्षाचे प्रात्यक्षिक मात्र शिक्षकांच्या हाती आहे. दोलकाचे उत्तर १०.६ आले आणि मुलाने ते तसेच लिहून, का आले असावे याचा दोन ओळींत विचार केला, तर त्याला ९.८ लिहिणाऱ्याहून अधिक गुण द्यावयास कोणत्या नियमाची आडकाठी आहे?

आणि आईवडिलांच्या हातीही एक गोष्ट आहे. प्रकल्प पुरा झाला की मुले रंगीत मुखपृष्ठाची, सोनेरी अक्षरांची प्रत घरी आणून दाखवतात; ती कौतुकाने पाहावी, शेजाऱ्यांना दाखवावी. मग कच्ची वही मागावी. चांगल्या प्रयोगशाळेत असा दंडक असतो की तेथे आकडे शाईने लिहावयाचे, पान फाडावयाचे नाही, चुकलेला आकडा खरवडावयाचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारावयाची, अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि शेजारी नवा आकडा लिहावयाचा. त्या वहीवर पाण्याचे डाग असतील, अक्षर घाईचे असेल. रसायनशास्त्रातले काही कळत नसले तरी बिघडत नाही. एखाद्या रेघेवर बोट ठेवून, "हा का बदललास?" एवढे विचारावे आणि मूल सांगेल ते बसून ऐकावे.